वळचणीच्या सापटी : पत्र्याच्या शेडच्या कामाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

वळचणीच्या सापटींतून किडे शेडमध्ये येतात, त्यांना अडवायचं हे काम. त्याला हात घालण्याआधी शेड अंधारी करून पाहिली. दारं लावली, खिडक्यांवर काळं कापड टाकलं, दिवे मालवले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत आत थांबलो. मग वळचणीच्या रेषेत उजेडाचे तुकडे दिसायला लागले. छपराच्या पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली एक, सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंना. त्यांच्या खाली भिंतीचा पत्रा आणि वळचणीची पर्लिन (छपराच्या पत्र्याला खालून धरणारा आडवा वासा) यांच्यामधून उजेडाची एक सलग बारीक रेघ. कोपऱ्यांत मात्र काहीच दिसलं नाही. तिथल्या सापटी सरळ नसतात, आत वळतात, त्यामुळे उजेड अडतो आणि किडा अडत नाही. कोपऱ्यांसाठी वेगळी तपासणी लागणार.

मापं घेतली. शेड १२ मीटर लांब. उंचवटा ३५ मिमी उंच, तळाशी ६० आणि माथ्यावर ३० मिमी रुंद, म्हणजे एका सापटीचं क्षेत्रफळ पावणेसोळा चौरस सेंटीमीटर. दर २०० मिमीला एक उंचवटा, दोन्ही वळचणी मिळून १२०. सगळ्या सापटी एकत्र केल्या तर १,८९० चौरस सेंटीमीटर होतात. म्हणजे भिंतीत ४३ सेंटीमीटर बाजूची चौकोनी खिडकी कायमची उघडी ठेवावी, तसं झालं. भिंतीलगतची आडवी सापट १५ मिमीची. ती दोन्हीकडची मिळून ३,६०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे उंचवट्यांच्या जवळपास दुप्पट. नजरेला मात्र उंचवटेच आधी दिसतात.

९ फेब्रुवारी

कोपरे धुराने तपासले. आत थोडा धूर केला आणि बाहेर घडवंचीवर उभं राहून तो कुठून निघतो ते पाहिलं. चारही कोपऱ्यांत, त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावरून उतरणारी फ्लॅशिंग (जोड झाकणारी पत्र्याची दुमडलेली पट्टी) जिथे वळचणीला मिळते, तिथून तो भसाभसा बाहेर येत होता. ती फ्लॅशिंग म्हणजे आतून पोकळ पेटी आहे आणि तिचं खालचं तोंड उघडं आहे.

कोळ्यांच्या जाळ्यांकडेही नीट लक्ष दिलं. कोळी जाळं विणतो ते किडे जिथून जातात तिथे. दाट जाळी दिसली की शेजारी वाट असणार, आणि जाळं हलत असेल तर तिथून वाराही येतो आहे. झाडून टाकण्याआधी प्रत्येक जाळ्याशेजारी खडूने खूण केली. धुरात सुटलेल्या काही जागा या खुणांमुळे सापडल्या.

१० फेब्रुवारी

आत कोण कोण राहतं ते आज पाहिलं. पर्लिनच्या खोबणीत कुंभारमाश्यांची मातीची घरं ओळीने चिकटलेली. एक रिकामं समजून पातळ पट्टीने सोडवलं आणि उघडलं. आत करंगळीएवढे कप्पे, एका कप्प्यात लहान कोळी ठासून भरलेले. मेलेले वाटले, पण काडी लावल्यावर एकाचा पाय हलला. कुंभारमाशी कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. अंड्यातून अळी बाहेर येईपर्यंत तिचं खाणं ताजं राहावं म्हणून. ही माशी एकटी राहते आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तिचा त्रास वेगळा आहे. भोक दिसलं की ती माती भरते. आमच्या हवेच्या नळीचं तोंड तिने असंच बंद केलं होतं. १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बिर्गेनएअरचं विमान समुद्रात पडून १८९ जण गेले. त्याच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारमाशीने घर केलं असावं, असा संशय तपासात पुढे आला. ज्या जागेत हवेच्या आणि इंधनाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथे ही माशी किरकोळ धरू नये.

पूर्वेच्या वळचणीत, मधल्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात), गांधीलमाश्यांचं जिवंत पोळं आहे. त्या गाळ्याला सध्या हात लावायचा नाही. नांदत्या पोळ्याची बाहेरची वाट बंद केली तर माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती बहुधा शेडच्या आत उघडते. पोळं काढणाऱ्या जाणकाराला बोलावलं आहे. मधमाश्यांचं असतं तर मधपाळाकडून वसाहत हलवून घेतली असती. मधमाश्यांवर फवारा मारून सापट बुजवणं मला पटत नाही. शिवाय आत राहिलेला मध उन्हात पाघळतो आणि मागाहून मुंग्यांची रांग लागते.

१३ फेब्रुवारी

पत्र्याचं काम करणारा मिस्त्री आला. वर पाहून म्हणाला, "दादा, फोमचा कॅन मारून टाकू, संध्याकाळपर्यंत सगळं बंद." त्याला उत्तरेच्या टोकाला नेलं. तिथे पूर्वी कुणीतरी तसाच फुगणारा फोम मारून ठेवला आहे. उन्हाकडची बाजू पिवळट तपकिरी झालेली, बोटाने दाबली की भुगा पडतो. पटाशीने एक लादी उचकटली तर आत मुंग्यांनी बोगदे केलेले आणि त्यांत पांढरी अंडी. पत्र्याला फोम जिथे घट्ट चिकटला होता, तिथून पाणी मागे वळून पर्लिनवर उतरलं होतं. गंजाचा ओघळ स्पष्ट दिसत होता. मिस्त्रीने तो बोटाने पुसून पाहिला आणि म्हणाला, "मग पट्टीच घालू. पण पत्रा उचलावा लागेल."

फुगणारा फोम बंद खोलीत, सावलीत, न हलणाऱ्या भिंतीत चांगला चालतो. वळचण यातलं काहीच नाही. पोलादाचा पत्रा दर मीटरला दर अंशाला १२ मायक्रॉन लांबतो. आमचा छपराचा पत्रा ६ मीटर अखंड आहे. पहाटेचा थंड पत्रा आणि दुपारचा तापलेला पत्रा यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे रोज साडेतीन मिमीच्या वर सरक. ॲल्युमिनियमचा पत्रा असता तर जवळपास दुप्पट. जे काही भरायचं ते या हालचालीला सोसणारं हवं.

१४ फेब्रुवारी

आज हत्यार उचललं नाही, फक्त ठरवलं. या कामात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वळचणीची सापट ही शेडची श्वास घ्यायची जागा आहे. खालून हवा आत येते, तापून आढ्याकडे चढते आणि आढ्याच्या झरोक्यातून निघून जाते. वळचण पूर्ण बुजवली तर किडे थांबतील, पण हवाही थांबेल. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतीच्या हवेपेक्षाही थंड पडतो. आतली दमट हवा त्याला लागली की पहाटे पत्र्याच्या पोटाला थेंब लटकतात. ते लाकडावर, यंत्रांवर, साठवलेल्या मालावर पडतात. छप्पर गळतंय असं वाटून लोक वरून डांबर लावतात आणि पाणी तर आतूनच तयार होत असतं.

म्हणून प्रत्येक सापटीला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं : हिच्यातून हवा जायला हवी का? हवी असेल तर जाळी. नको असेल तर भराव. आणि पाणी जाणारी वाट असेल तर तिला हात लावायचा नाही.

यातून हिशेब असा निघाला. उंचवट्यांखालच्या सापटी फोमच्या पट्टीने बंद, फुगणाऱ्या फोमने नव्हे, तर उंचवट्याच्या आकारात कापून आलेल्या पट्टीने. भिंतीलगतची आडवी सापट पूर्ण उघडी ठेवून तिला जाळी. आढ्याच्या झरोक्याची मोकळी जागा सुमारे १,८०० चौरस सेंटीमीटर आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा कमी पडता कामा नये. १.२ मिमी भोकाची आणि पाव मिमी तारेची जाळी घेतली तर तिचं ६८ टक्के क्षेत्र उघडं राहतं. ३,६०० पैकी सुमारे २,४५० चौरस सेंटीमीटर मिळतात, म्हणजे पुरतं. पाव भाग धुळीने भरला तरी १,८०० च्या वरच राहतो. त्याहून जास्त भरला तर नाही, म्हणून जाळी काढून झाडता येईल अशीच बसवायची.

भोक किती असावं यावरही विचार केला. मधमाशीला साडेचार मिमी पुरतं. मधपाळ राणीला अडवायला जी जाळी वापरतात तिची सापट सव्वाचार मिमीच्या आसपास असते, आणि कामकरी माशी तिच्यातून आरामात जाते. उंदराच्या पिल्लाला ६ मिमी पुरे. डास अडवायचा तर १.२ मिमी. याहून बारीक, चिलटांना अडवणारी जाळीही मिळते, पण तिच्यातून हवा फार कमी जाते आणि ती लवकर चोंदते. माझ्या मते शेडला ती घेऊ नये.

१७ फेब्रुवारी

साहित्य आलं. पट्टी आमच्या पत्र्याच्या प्रोफाइलची, म्हणजे त्याच्या उंचसखल आकाराची, बंद पेशींच्या फोमची. स्पंजसारखा उघड्या पेशींचा फोम पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून कुजतो. मऊपणा दोन्हींचा सारखाच लागतो, हाताला फरक कळत नाही. तुकडा कापून पाण्यात बुडवला, वर वजन ठेवलं, नंतर पिळला. थेंबही निघाला नाही, तेव्हा उरलेल्या पट्ट्या उघडल्या.

जाळी ॲल्युमिनियमची. जस्त चढवलेल्या पत्र्याशी तिचं जमतं. तांब्याची जाळी कितीही टिकाऊ असली तरी इथे नको, कारण तिच्यावरून उतरलेलं पाणी जस्त खातं. पोलादी तारेचा काथ्याही नको. तो गंजतो आणि त्याचे डाग भिंतीवर उतरतात. फायबरग्लासची जाळी स्वस्त आणि सोपी, पण नाकतोडे आणि उंदीर ती कुरतडतात.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि जस्ताचा थर खराब करतं. नळीवर नाव काहीही असो, थोडं बाहेर काढून वास घ्यावा.

१९ ते २२ फेब्रुवारी

पश्चिमेच्या वळचणीत पट्ट्या बसवल्या. छपराच्या स्क्रूची फक्त शेवटची ओळ सैल करायची, तीही एका वेळी हाताच्या आवाक्यातली. सगळी ओळ एकदम काढली आणि वारा सुटला तर पत्रा उचलला जाईल. पत्रा लाकडी पाचरीने बोटभर उचलला, पर्लिन पुसली, आधी कोरड्या फडक्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ब्युटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) धुळीवर चिकटल्यासारखी वाटते, पण उन्हात सुटून येते. म्हणून पुसण्यात घाई केली नाही. पर्लिनवर टेप, तिच्यावर पट्टी, पट्टीच्या माथ्यावर पुन्हा टेप, मग पत्रा खाली.

पट्टी पत्र्याच्या कडेपासून अडीच सेंटीमीटर आत ठेवली. अगदी कडेला आणली तर ऊन लागतं, आणि पत्र्याच्या टोकावरून मागे ओढलं जाणारं पाणी थेट तिच्यावर येतं.

जुन्या भोकात तोच स्क्रू परत लावला तर तो नुसता फिरतो, कारण पर्लिनमधले आटे झिजलेले असतात. ५.५ मिमीच्या जागी ६.३ मिमीचे स्क्रू लावले. वॉशरखालचं रबर किंचित फुगून कडेला दिसलं की थांबायचं. मिस्त्रीचा हात याबाबतीत फार चांगला आहे, आवाजावरून ओळखतो. रबर चेपून बाहेर आलं तर ते काही उन्हाळ्यांतच तडकतं आणि मग किड्याआधी पाणी आत येतं.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात, त्या जोडाचं खालचं टोक मुद्दाम उघडं ठेवलं. जोडात शिरलेलं थोडं पाणी तिथून गटारात उतरतं. तिथे सिलिकॉन भरलं तर ते पाणी आत अडेल आणि पर्लिनवर येईल. सापट एक मिमीहून कमी आहे, तिथून मोठा किडा येत नाही.

संध्याकाळी छपरावरचा चुरा ब्रशने झाडला. ड्रिलमधून पडलेले पोलादाचे कण रात्रीच्या दवाने गंजतात आणि रंगावर लाल ठिपके उठतात.

२५ फेब्रुवारी

गांधीलमाश्यांचं पोळं काढून नेलं. गाळा काही दिवस तसाच उघडा ठेवणार. बाहेर गेलेल्या माश्या परत त्याच जागी येतात, तेव्हा आत अडकायला नकोत.

२७ फेब्रुवारी ते ३ मार्च

कोपरे. एवढ्या लांब वळचणीला जितका वेळ लागला त्याच्या बरोबरीने या चार जागांना लागला, आणि तो द्यायलाच हवा. किड्यांची मुख्य वाट इथेच आहे. फ्लॅशिंगच्या पोकळ पेटीतून वर चढलं की थेट आढ्यापर्यंत जाता येतं, कुठेही अडथळा नाही. वटवाघळंही हीच वाट धरतात. त्यामुळे बंद करण्याआधी संध्याकाळी बाहेर उभं राहून काही निघतंय का ते पाहिलं. काही निघालं नाही. आत टॉर्च मारून लेंड्याही शोधल्या, त्याही नव्हत्या.

चारही तोंडं सारखी दिसतात आणि एकही सारखं नाही. प्रत्येकाचा पुठ्ठ्याचा नमुना कापला, लावून पाहिला, पुन्हा कातरला. नमुना नीट बसल्यावर तोच सपाट पत्र्यावर आखून पत्राकात्रीने कापला. ग्राइंडर वापरला नाही. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात आणि कापलेल्या कडेचं जस्त जळतं. तुकड्याच्या तीन कडा दुमडून कान काढले आणि ते आतून रिव्हेटने धरले. चौथी कड, छपराकडची, मोकळी ठेवली, कारण छप्पर सरकतं आणि भिंत नाही.

त्या मोकळ्या कडेचा सांधा १२ मिमी रुंद ठेवून आत फोमची गोल दोरी दाबली आणि वर सिलिकॉन ओढलं. दोरी नसेल तर सिलिकॉन मागच्या पत्र्यालाही चिकटतं. तिन्ही बाजूंनी जखडलेलं सिलिकॉन ताणता येत नाही, मधोमध फाटतं. दोन बाजूंना धरलेलं असेल तर रबरासारखं मागेपुढे होतं. आमचं सिलिकॉन रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसतं, म्हणजे १२ मिमीच्या सांध्यात ३ मिमी. छपराचा पत्रा आढ्याशी पक्का असल्याने सगळी सरक वळचणीकडे येते, पण ती सांध्याच्या लांबीच्या दिशेने, आडवी ताण देणारी फार कमी. त्यामुळे निभेल असं दिसतं. सकाळी, पत्रा थंड असताना, सिलिकॉन भरलं नाही. दुपारीही नाही. दोन्हींच्या मधली वेळ निवडली.

प्रत्येक तुकड्याच्या तळाला एक छोटी खाच ठेवून तिच्यावर जाळीचा तुकडा लावला. पेटीत पाणी साचलं तर निघायला वाट हवी.

६ मार्च

जाळी बसवायला सुरुवात. भिंतीचा पत्रा जवळून पाहताना एक गोष्ट लक्षात आली, जी वर उभं राहून दिसणारी नव्हती. भिंतीच्या पत्र्यालाही उंचवटे आहेत, उभे. प्रत्येक उंचवट्याच्या मागे जोत्यापासून वळचणीपर्यंत एक सरळ बोगदा आहे. मुंग्या, झुरळं आणि पाली जमिनीलगत त्यात शिरून भिंतीच्या आडव्या आधारांमागून वर येतात. वळचणीची जाळी या बोगद्याच्या माथ्यावरूनही नेली नाही तर सगळं काम अर्धवट राहतं. जोत्यालाही पट्ट्या लागणार. मिस्त्रीला दाखवलं, त्यालाही पटलं. पट्ट्या मागवल्या.

९ मार्च

जाळीच्या कडा दुमडून त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली धरल्या आणि पट्टी स्क्रूने लावली. रिव्हेट मारले असते तर काम लवकर झालं असतं, पण मग जाळी झाडायला काढता आली नसती. कापलेल्या जाळीची तार सुटी राहिली तर तिथून एकेक तार निघत जाते, म्हणून दुमड कुठेही सोडली नाही. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे तीन बोटं एकावर एक.

१२ मार्च

पूर्वेचा गाळा बंद केला. आधी पहाटे आणि मग उन्हं वर आल्यावर पाहिलं, एकही गांधीलमाशी फिरकली नाही. जोत्याच्या पट्ट्याही बसल्या. तिथे मात्र दर तिसऱ्या उंचवट्याला पट्टीऐवजी जाळी, भिंतीत उतरलेलं पाणी निघण्यासाठी.

१३ मार्च

पुन्हा अंधार करून पाहिलं. उंचवट्यांचे तुकडे गेले. आडवी रेघ आहे, पण जाळीमागून, मवाळ. उत्तरेच्या बाजूला एका स्क्रूशेजारी टाचणीएवढा ठिपका दिसला. मिस्त्रीने वर जाऊन वॉशर बदलला.

धूर केला तेव्हा तो कोपऱ्यांतून न निघता सरळ आढ्याकडे चढला. हेच हवं होतं. मिस्त्री खाली उभा राहून बराच वेळ वर पाहत होता.

वळचणीखालचा पांढरा दिवा काढला आणि पिवळसर उजेडाचा, २,७०० केल्विनचा, दारापासून लांब खांबावर लावला. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात. ते वळचणीशीच गोळा होत राहिले तर जाळीवर कायम गर्दी राहील, आणि तिच्यामागे पाली आणि कोळी.

२ एप्रिल

पहाटे, रात्र निरभ्र गेल्यावर, पत्र्याच्या पोटाला हात लावत फिरलो. सगळीकडे कोरडं, फक्त दक्षिणेच्या शेवटच्या गाळ्यात ओल. तिथे फळ्यांची थप्पी भिंतीला लागून वळचणीपर्यंत रचली होती आणि जाळी आतून झाकली गेली होती. थप्पी हातभर पुढे ओढली. दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा पाहिलं, कोरडं होतं. जाळीखाली हातभर जागा मोकळी सोडायची, अशी रेघ रंगाने जमिनीवर आखून ठेवली.

१६ जून

जोराच्या पावसात वळचणीखाली उभं राहून पाहिलं. जोडांच्या उघड्या टोकांतून पाणी थेंब थेंब गटारात उतरतंय. पट्ट्यांमागे पर्लिन कोरडी. नैऋत्येच्या कोपऱ्यात वाऱ्याबरोबर थोडं पाणी आत उडालं, पण तुकड्याच्या तळाच्या खाचेतून ते निघून गेलं.

आतल्या बाजूला कुंभारमाशीचं नवीन घर एकही नाही. बाहेर, गटाराच्या आधाराखाली, दोन आहेत. ती तिथेच राहू दिली.

४ जुलै

जाळी पहिल्यांदा काढून झाडली. पश्चिमेची बरीच चोंदली होती, धूळ आणि पतंगांचे पंख. पूर्वेची जवळपास स्वच्छ. म्हणजे पश्चिमेची दुप्पट वेळा काढावी लागेल. मऊ ब्रश पुरतो, पण तो आतून बाहेर मारायचा, नाहीतर धूळ जाळीच्या दुमडीत बसते. एका पट्टीचे दोन स्क्रू घट्ट झाले होते, त्यांना ग्रीस लावलं. आग्नेयेच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन एका टोकाला किंचित सुटलेलं दिसतं. पाऊस उघडला आणि पत्रा वाळला की तेवढा भाग कापून, दोरी तपासून, पुन्हा भरायचा आहे.